देवांचा कायमचा पत्ता

विमानतळावर आमची बॅग मशीनमधून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा बाजूला काढली गेली. निळे हातमोजे घातलेल्या तपासनिसाने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "यात छोटी छोटी माणसं आहेत का?"

"माणसं नाहीत, देव आहेत," माझा नवरा म्हणाला.

जयवंतने चेन उघडली. माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेले देव एकेक करून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये आले. गणपती, बाळकृष्ण, कुलदेवीचा चांदीचा टाक, शंख, घंटा आणि शेवटी अन्नपूर्णा. मागे रांगेत एक बाई एका पायातला बूट काढून ताटकळत उभी होती. तपासनिसाने अन्नपूर्णा उचलून उजेडात धरली.

"ही कोण?"

"ती बायकोची आहे. आमच्यात मुलगी लग्न होऊन येताना माहेरहून एक अन्नपूर्णा घेऊन येते."

"हातात काय आहे तिच्या?"

"पळी. जेवायला वाढायची."

त्या माणसाला ते पटलं असावं. त्याने तिला परत ट्रेमध्ये ठेवलं, तेही आडवी न करता. "सुट्टीवर निघालेत का सगळे?"

"नाही. ते आता टँपाला राहणार," जयवंत म्हणाला. "टॅक्ससाठी."

हे त्याने जराही न हसता सांगितलं. तपासनिसाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या ट्रेमधल्या माझ्या चपलांकडे पाहत राहिले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जयवंत तेव्हा नुकताच रिटायर झाला होता. आयुष्यभर त्याने एका खासगी कंपनीत पुलांची गणितं केली. पूल संपले, पण गणिताची खोड गेली नाही. आमच्या ओळखीतले बाकीचे पुरुष रिटायर झाल्यावर पेटी शिकले, दोघं-तिघं गीता शिकवायला लागले. जयवंतने अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांचा इन्कम टॅक्स एका एक्सेल शीटमध्ये उतरवला आणि जास्त टॅक्सवाली राज्यं लाल रंगाने रंगवली. आमचं न्यूयॉर्क सगळ्यात लाल होतं. ते बघताना त्याच्या चेहऱ्यावर असे भाव यायचे, जणू काही घरातल्याच कुणी खिसा कापला होता.

याच राज्याच्या फुकट शाळेत आमची गार्गी बारावीपर्यंत शिकली. याच राज्याच्या लायब्ररीतून जयवंतने पुस्तकं आणली आणि उशिरा परत केली. दर हिवाळ्यात आमच्या रस्त्यावरचा बर्फ पहाटे कुणीतरी येऊन ढकलून जायचं. मी एकदा हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "ते सगळं झालं की आता. गार्गी शिकली. आता काय घ्यायचंय आपल्याला यांच्याकडून?" मी स्वतः तिथल्या सरकारी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली होती आणि त्या पेन्शनवर राज्याचा टॅक्स लागत नव्हता. त्यामुळे माझ्या मताला त्या शीटमध्ये जागा नव्हती.

रोज संध्याकाळी चहाबरोबर एक राज्य यायचं.

"टेक्ससला इन्कम टॅक्स नाही," तो म्हणायचा. "पण घरावरचा टॅक्स जबरदस्त आहे."

"मग घर घेऊ नकोस. तंबूत राहा."

"वायोमिंगला दोन्ही कमी."

"तिथे कोथिंबीर मिळते का?"

"शैला, मी गंभीरपणे बोलतोय. अलास्काला तर उलट सरकारच दरवर्षी माणशी पैसे वाटतं."

"का?"

"तेलाचे पैसे."

"माणसं पळून जाऊ नयेत म्हणून वाटत असतील."

तो हसला नाही. टेनेसीच्या रकान्यात काहीतरी दुरुस्त करत राहिला. एकदा मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून ते शीट नीट पाहिलं. हवामान होतं, हॉस्पिटलं होती, पेट्रोलचा भावही होता. मी विचारलं, "मला कुठे राहायचंय, तो रकाना कुठे आहे?"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि खरोखर विचार केला. मग म्हणाला, "पण त्याला आकडा काय देणार?"

शेवटी फ्लोरिडा जिंकलं. तिथे इन्कम टॅक्स नव्हता आणि दिवाकर अंतरकरच्या ओळखीचा एक फ्लॅट टँपाला विकायचा होता. अंतरकर म्हणजे आमच्या लाँग आयलंडवरच्या मराठी मंडळींचा टॅक्सवाला. गणपतीच्या आरतीला तो उशिरा यायचा आणि प्रसादाच्या वेळी त्याच्याभोवती देवापेक्षा जास्त गर्दी असायची. त्याच्या घरी एका रविवारी त्याने आम्हाला बटाटेवडे खायला घालून सगळं समजावून सांगितलं.

"न्यूयॉर्क सहजासहजी सोडत नाही रे. नुसता फ्लॅट घेऊन भागत नाही. लायसन्स तिकडचं, मतदान तिकडे, डॉक्टर तिकडचा. आणि वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस इथे दिसायचं नाही. शिवाय ते बघतात, तुमच्या जिवाच्या वस्तू कुठे आहेत."

"जिवाच्या वस्तू म्हणजे?" जयवंतने विचारलं.

"घराण्यात चालत आलेलं काही. जुनी चित्रं, पियानो. कुत्रा असेल तर कुत्रा. माणूस जिवाची वस्तू जिथे ठेवतो ते त्याचं खरं घर, असं धरतात."

आम्ही दोघं आठवायला लागलो. कुत्रा नव्हता. पियानो नव्हता. भिंतीवर एक वारली चित्र होतं, ते दादरच्या प्रदर्शनातून घासाघीस करून आणलेलं. इतक्या वर्षांच्या संसारात जिवाची अशी एक वस्तू सापडेना, तेव्हा मला हसू आलं आणि मी म्हणाले, "देव आहेत की आपले. न्या त्यांना फ्लोरिडाला."

मी थट्टा केली होती. पण त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अंतरकरने वड्याचा हात रुमालाला पुसला. "वहिनी, तुम्ही आमच्या धंद्यात का नाही आलात?" तो म्हणाला.

जयवंत देवभोळा होता असं कुणी समजू नये. त्याची पूजा अर्ध्या चड्डीत, फोन खांद्याला दाबून, दूध उतू जायच्या आत आटपायची. पण ती कधी चुकली नाही, हेही खरं. त्याला एक कारण होतं. ठाण्याला त्याच्या वडिलांचं आणि काकांचं भांडण झालं, तेव्हा त्या घरात भांडीकुंडी वाटण्याच्या आधी देव वाटले गेले होते. एकाने गणपती घेतला, दुसऱ्याने महादेवाची पिंडी नेली. देव वाटले तेव्हाच घर संपलं, असं माझ्या सासूबाई डोळे पुसत सांगायच्या. पुढे आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याचे देव जयवंतच्या हातात दिले आणि दोनच गोष्टी मागितल्या. पुन्हा वाटायचे नाहीत आणि उपाशी ठेवायचे नाहीत. माझी अन्नपूर्णा त्यांनीच आपल्या हाताने त्या देवांत बसवली.

राहता राहिले मी. मी फ्लोरिडाला जाणार नव्हते, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. या गावात मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा पहिला हिवाळा मी खिडकीशी बसून रडण्यात काढला होता. या जागेला घर म्हणायला मला कितीतरी वर्षं लागली. आता कुठे पोस्टमन माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होता, शाळेतली जुनी मुलं दुकानात भेटली की आपली बाळं दाखवत होती. हे सगळं पुन्हा पहिल्यापासून लावायची ताकद माझ्यात नव्हती, आणि कशासाठी, तर टॅक्स वाचावा म्हणून.

"वहिनी येणार नसतील तर जरा अडचण आहे," अंतरकर म्हणाला होता. "नवरा-बायकोचं घर एकच धरायची पद्धत आहे. पण पटत नाही म्हणून वेगळे राहतात, असं असेल तर गोष्ट वेगळी. कोर्टात जायला नको. कुणी विचारलंच तर तसं सांगायचं."

परतताना गाडी जयवंत चालवत होता. मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "तुला चालेल ना? नुसतं म्हणायचंच आहे." फोनची कंपनी बदलू या का, हे त्याने याच आवाजात विचारलं असतं.

"आणि म्हटल्यावर काय होईल?"

"म्हटल्यावर काय व्हायचंय? टॅक्स वाचेल."

मी काच खाली केली. सिग्नल हिरवा झाला आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने होकार असा लावून घेतला.

म्हणून आम्ही त्या दिवशी विमानतळावर होतो. टँपाच्या फ्लॅटमध्ये मी देव मांडून दिले, डाळ-तांदळाचे डबे भरले आणि एकटी परत आले. न्यूयॉर्कच्या घरात देव्हारा रिकामा होता. सवयीने मी संध्याकाळी त्याच्यासमोर दिवा लावला आणि मग कुणासाठी लावला ते कळेना, म्हणून विझवला.

जयवंत थोड्याच दिवसांत आला. दाताचं काहीतरी निमित्त होतं. खरं म्हणजे त्याला माझी आमटी हवी होती. हातात तीच बॅग.

"देव आणलेस?" मी विचारलं.

"मग काय करू? तिथे उपाशी ठेवू?"

तिथून पुढे हेच सुरू झालं. तो आला की देव आले, तो गेला की देव गेले. टँपाच्या फ्लॅटमध्ये उदबत्ती लावली की धुराची घंटा वाजायची, त्यामुळे तिथे देवांना उदबत्ती नव्हती. ती त्यांना न्यूयॉर्कला आल्यावर मिळायची. राज्याला फसवताना ज्याला जराही संकोच वाटला नाही, तो माणूस पितळेच्या बाळकृष्णाला एक दिवस दुधावाचून ठेवायला तयार नव्हता. अंतरकरला हे कळलं असतं तर त्याने डोकं आपटून घेतलं असतं, पण जयवंतने त्याला सांगितलंच नाही. त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो न्यूयॉर्कमधल्या प्रत्येक दिवसावर फुली मारायचा. मी त्याला पाहुण्यांचा टॉवेल द्यायला लागले. आधी गमतीने दिला, मग तो तसाच वापरायला लागला. हळूहळू तो फोनवर "तुझ्या घराचं छप्पर गळतं का गं?" असं विचारायला लागला. कुणाकडे जेवायला गेलो आणि त्याला किती दिवस आहात असं विचारलं, की तो म्हणायचा, "परवडतात तेवढे." लोक हसायचे. मीही हसायचे, कारण लोक हसत असताना न हसणं वाईट दिसतं.

मग दुसऱ्या वर्षीचा डिसेंबर आला आणि मला न्यूमोनिया झाला. गार्गी बॉस्टनहून धावत आली, तिने मला हॉस्पिटलात भरती केलं. रात्रंदिवस खोकून माझ्या बरगड्या दुखत होत्या. जयवंतचा फोन आला तेव्हा गार्गीने तो माझ्या कानाशी धरला.

"कशी आहेस?"

"येतोस का?" मी म्हणाले. लग्नानंतर मी त्याच्याकडे असं फार क्वचित काही मागितलं होतं.

 तो म्हणाला, "शैला, माझे यंदाचे दिवस संपलेत गं. एक तारखेला पहिल्या विमानाने येतो. गार्गी आहे ना तिथे?"

एक तारखेला तो खरंच पहिल्या विमानाने आला. एका हातात देवांची बॅग, दुसऱ्या हातात माझ्यासाठी संत्री. मी तोवर घरी आले होते. त्याने संत्रं सोलून दिलं, ते मी खाल्लं. गार्गी त्याच्याशी बोलली नाही. मी मात्र बोलले, नेहमीसारखंच बोलले. त्याला वाटलं, सगळं ठीक आहे.

त्याच वसंतात राज्याच्या टॅक्स खात्याने आम्हा दोघांना भेटायला बोलावलं. जयवंत घाबरला नाही, उलट त्याला उत्साह आला. अंतरकरने आमच्या स्वयंपाकघरात बसून दोघांची तयारी करून घेतली. शेवटी तो माझ्याकडे वळला. "वहिनी, सगळं तुमच्यावर आहे. तिथल्या बाई विचारतील, तुम्ही दोघं वेगळे झाला आहात का. तुम्ही फक्त हो म्हणायचं. त्याच्यापुढे एक शब्दही नको."

"म्हणेन," मी म्हणाले.

भेटीनंतर जयवंत तिथूनच टँपाचं विमान पकडणार होता. सकाळी त्याने पूजा उरकली आणि तो कपडे करायला गेला. देव गुंडाळून बॅगेत ठेवायचं काम नेहमी माझं. मी गणपती गुंडाळला, बाळकृष्ण गुंडाळला, टाक, शंख, घंटा, सगळं नीट बांधलं. अन्नपूर्णेसाठी फडक्याचा तुकडा हातात घेतला आणि तो तसाच घडी करून ओट्यावर ठेवला. बॅगेची चेन लावली आणि जयवंतला हाक मारली.

टॅक्स खात्याच्या ऑफिसात आमच्यासमोर कोवाल्स्की नावाच्या एक वयस्कर बाई होत्या. अंगात लोकरी स्वेटर, आवाज अगदी हळू. शाळेतल्या आमच्या मुख्याध्यापिका अशाच होत्या, त्यांना कुणी फसवू शकत नसे. जयवंत त्यांच्या प्रश्नांना तोंडी परीक्षेसारखी उत्तरं देत होता. लायसन्स दाखवलं, मतदानाचं कार्ड दाखवलं. मग त्याने टँपाच्या देव्हाऱ्याचा फोटो पुढे सरकवला.

"हे आमच्या घराण्याचे देव. चार पिढ्यांचे. याहून जिवाचं आमच्याकडे काहीच नाही."

"सुंदर आहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोटो निरखून पाहिला. "आणि हे फ्लोरिडात असतात?"

"हो," जयवंत म्हणाला. त्याने पाय जरा लांब केले. बूट टेबलाखालच्या बॅगेला लागला आणि बॅगेतून घंटेचा आवाज आला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय वाजलं ते?"

जयवंत माझ्याकडे पाहायला लागला. अंतरकर जयवंतकडे पाहायला लागला. माझ्याकडे पाहून उपयोग नव्हता, मला खोटं बोलायची तयारी एकाच प्रश्नाची करून दिली होती. मी म्हणाले, "घंटा. देवांची."

मग दुसरा इलाज उरला नाही. टॅक्स खात्याच्या टेबलावर, आमच्या फायलींच्या शेजारी, जयवंतने देव बाहेर काढले. प्रत्येकाला सरळ बसवलं. बाळकृष्णाचं तोंड भिंतीकडे झालं होतं, ते त्याने वळवून नीट केलं. अंतरकरने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही यांना बरोबर घेऊन फिरता?" बाईंनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच कुतूहल वाटलं होतं.

"उपाशी ठेवता येत नाहीत," जयवंत म्हणाला. "रोज दूध दाखवावं लागतं. मी आईला शब्द दिलाय."

"म्हणजे तुम्ही न्यूयॉर्कला आलात की हेही येतात. प्रत्येक वेळी."

"हो."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी फोटो उचलला, टेबलाकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "एक कमी आहे," त्या म्हणाल्या. "हातात मोठा चमचा घेतलेली बाई."

"असेल ना यातच," म्हणत जयवंतने बॅग उपडी केली. फडकी झटकली. बाहेरच्या कप्प्यात हात घालून पाहिलं, तिथे विमानाचं तिकीट आणि शेंगदाण्यांची पुडी होती. मग त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे वळला.

"अन्नपूर्णा कुठे आहे?" त्याने मराठीत विचारलं.

"घरी."

"विसरलीस?"

"नाही. ठेवली."

"का?"

"माझ्या माहेरची आहे ती," मी म्हणाले. "तुझे देव तुझ्याकडे आहेत."

त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. ठाण्याच्या घरातल्या त्या वाटणीची गोष्ट त्याने लहानपणापासून ऐकली होती. देव वाटण्याचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो टेबलावरच्या गणपतीकडे बघत राहिला.

बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी आम्हाला पुरेसा वेळ दिला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मिसेस कारखानीस, एक प्रश्न मला विचारावाच लागेल. तुम्ही आणि तुमचे पती वेगळे झाला आहात का?"

अंतरकरने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"नाही," जयवंत म्हणाला.

"जयवंत," अंतरकर म्हणाला.

"नाही म्हणजे नाही. कोण म्हणतं वेगळे झालो?" तो खुर्चीतून उठला होता. "ही डिसेंबरात हॉस्पिटलात होती. मला ये म्हणाली. मी आलो नाही, कारण तुमचे दिवस संपले होते. एवढा मूर्ख माणूस आहे मी, लिहून घ्या. पण वेगळे नाही आम्ही. माझं घर ही जिथे आहे तिथे आहे. फ्लोरिडात माझे फक्त डबे आहेत."

 बाईंनी चष्मा काढून पुसला.

"ते दिवस माझे नव्हते, मिस्टर कारखानीस," त्या म्हणाल्या. "तुमचेच होते." मग त्यांनी फाइल मिटली आणि देव नीट भरून घ्या, काही विसरू नका, असं सांगितलं.

दोन्ही वर्षांचा टॅक्स आम्हाला व्याजासकट भरावा लागला. तेवढ्या पैशांत काय काय आलं असतं, याचा तक्ता जयवंतने पुढे केलाच. लिफ्टमध्ये अंतरकर एवढंच म्हणाला, "पाच मिनिटं गप्प बसला असतास, तर वहिनींनी केस जिंकून दिली असती." आमची केस त्याने त्यानंतर घेतली नाही.

जयवंतने विमान सोडून दिलं. घरी येताना गाडीत देवांची बॅग त्याने मांडीवर धरली होती, गाडी मी चालवत होते. हायवेला लागल्यावर त्याने विचारलं, "तू काय सांगणार होतीस?"

"तू बोललास ना," मी म्हणाले.

"हो, पण तू?"

"समोर बघ. एक्झिट कुठली ते सांग."

घरी आल्यावर बूट काढून तो तडक देव्हाऱ्याशी गेला. अन्नपूर्णा तिथे एकटीच बसली होती, सकाळी मी वाहिलेलं फूल तिच्यापुढे तसंच होतं. त्याने तिला हलवलं नाही. बाकीच्यांना तिच्या आजूबाजूला बसवलं, सगळ्यांना दूध दाखवलं आणि मग बराच वेळ तो तिथेच पाठमोरा उभा राहिला. मी पाहुण्यांचा टॉवेल कपाटात ठेवला आणि त्याचा जुना टॉवेल बाहेर काढला.

टँपाचा फ्लॅट तोट्यात विकला. शीट अजून त्याच्या कंप्युटरमध्ये आहे, अधूनमधून तो ते उघडतो आणि उसासा टाकून बंद करतो. त्याने तो प्रश्न मला पुढे दोन-तीनदा विचारला, मीही दरवेळी विषय बदलला. त्याची समजूत अशी आहे की मी त्या दिवशी खोटं बोलणार होते, त्याचा टॅक्स वाचवण्यासाठी, आणि त्याने मला त्यातून वाचवलं. ती समजूत मी मोडली नाही. हॉस्पिटलातल्या त्या फोनपासून माझं उत्तर ठरलेलं होतं. मी हो म्हणणार होते, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर तो जेवणाच्या टेबलाशी बसून न्यूयॉर्कचा टॅक्स भरतो. राज्याला नावं ठेवतो, गव्हर्नरला नावं ठेवतो, अलास्काची आठवण काढतो. मी त्या दिवशी तूप जरा सढळ हाताने घालून शिरा करते. आधी अन्नपूर्णेपुढे नैवेद्य ठेवते, मग त्याच्यासमोर वाटी ठेवते. आज काय सण आहे, असं तो दरवर्षी विचारतो आणि उत्तराची वाट न बघता खायला लागतो.